सेंगेनिद: खाण गेलेलं गाव कसं बघायचं

वेल्समध्ये फिरायला गेलात आणि केअरफिलीपर्यंत पोचलात तर तिथून जवळच सेंगेनिद आहे, नक्की जा. फक्त खाण शोधत बसू नका, युनिव्हर्सल कोलियरी ही इथली कोळशाची खाण १९२८ लाच बंद पडली.

सुरुवात घरांपासून करा. १८९० च्या दशकात खाण खोदायला घेतली त्याआधी इथे नुसती शेतं होती, मग कामाला बाहेरून माणसं आली आणि त्यांच्यासाठी भिंतीला भिंत लावून घरांच्या ओळीच्या ओळी उठल्या. एखाद्या ओळीतून खाणीच्या जागेपर्यंत चालत जा, तेही सकाळी ८ च्या सुमारास, कारण १४ ऑक्टोबर १९१३ ला साधारण त्याच वेळी स्फोट झाला, पहिल्या पाळीची माणसं खाली होती. ४३९ कामगार गेले, शिवाय वाचवायला उतरलेला एकजण. ब्रिटनमधली ही सगळ्यात मोठी खाण दुर्घटना.

तिथल्या स्मारकावर घाई करू नका प्लीज. जखमी कामगाराला आधार देणारा बचाव पथकातला माणूस, असा ब्राँझचा पुतळा आहे आणि भोवतीच्या भिंतीवर नावं. नावापुढचं वय वाचा. १४ वर्षांची पोरं आहेत हो त्यात.

जायच्या आधी एवढं समजून घ्या: मिथेन, म्हणजे खाणीत साचणारा ज्वलनशील वायू, पेटला की धक्क्याने खाली साचलेली कोळशाची धूळ उडते, ती पेटते, तिच्याने पुढची धूळ उडते, आणि अशी आग बोगद्याबोगद्यातून पळत सुटते, जळाला नाही तो कार्बन मोनॉक्साइडने जातो. आणि हे आधी माहीत नव्हतं असं नाही, याच खाणीत १९०१ मध्ये ८१ माणसं गेली होती! धूर आणि विषारी वायू माणसांकडे जाऊ नयेत म्हणून खाणीतल्या हवेचा प्रवाह उलटा फिरवायची सोय करायला कायद्याने सांगितलं होतं, दिलेली मुदत संपली तरी ती झाली नव्हती. मॅनेजरला दंड झाला २४ पौंड, म्हणजे माणशी एक शिलिंगच्या (पौंडाच्या विसाव्या भागाच्या) जरा वर. मला हा हिशोब अजून सहन होत नाही.

गावात छोटं म्युझियम आहे, वेळ आधी बघून जा. तिथे कुणी भेटलं तर थेट स्फोटाचं विचारू नका, १९२८ नंतर घरची माणसं कुठे कामाला गेली ते विचारा, कारण शेजारच्या आबरट्रिद्वरची विंडसर कोलियरी पुढे कितीतरी वर्षं चालू होती.