आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, नांगरटी सुरू झाल्या. आधी एअर क्लीनरची वाटी उतरवा

'ट्रॅक्टर ओढत नाही' असा फोन आला की मी एकच विचारतो: एअर क्लीनरची वाटी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ धरणाऱ्या तेलाची वाटी, शेवटची कधी उतरवली? पलीकडून बहुतेक वेळा उत्तरच येत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि काळ्या मातीचा फुफाटा बॉनेटच्याही वर उठतो. वाटीतलं तेल दोन दिवसांत चिखल होतं. चिखल झालेलं तेल धूळ धरत नाही, ती सरळ सिलिंडरात जाते, लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगा घासते. पंधरा वर्षं राबलेलं इंजिन मग एका हंगामात बसतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात एक असंच बसलं. दुकानदाराने त्याला डिझेलमध्ये टाकायच्या 'ताकदी'च्या बाटल्या दिल्या होत्या. वाटी मात्र कोणी उघडली नव्हती. उघडली तेव्हा आत लापशी.

इंजिन खोलायला देण्याआधी धूर बघा.

काळा धूर आणि चढावर दम जातो: हवा कमी पडतेय. वाटी, जाळी धुऊन पुन्हा चालवा. तरी काळाच राहिला तर डिझेल फवारणारे नोजल तपासून घ्या.

निळा: ऑइल जळतंय. आधी वाटीत तेल खुणेच्या वर भरलंय का ते पाहा, जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं. तसं नसेल आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) धाप मारत असेल, तर रिंगा गेल्या. त्याला बाटलीतलं औषध नाही.

पांढरा: सकाळी थोडा चालतो. इंजिन तापल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं. ऑइल मोजायच्या पट्टीवर ते दुधाळ दिसलं तर ट्रॅक्टर जागेवरून हलवू नका.

अर्ध्या तासाने बंद पडतो, थांबलं की पुन्हा चालतो? टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र बुजलं असेल. झाकण सैल करून बघा, फुकटचं काम आहे.

पुस्तिकेत वाटी ८-१० तासांनी बघा म्हणतात. माझं मत, रोटाव्हेटर किंवा थ्रेशरवर असाल तर दुपारच्या भाकरीलाही बघा. इंजिन बंद करून थोडं थांबा, जाळीतलं तेल खाली निथळू द्या. बोटाला कचकच लागली की तेल बदला.

बाकीचं नेहमीचं:
- इंजिन ऑइल पुस्तिकेतल्या तासांनी, साधारण २५०
- डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडणं
- रेडिएटरची जाळी पंख्याच्या बाजूने बाहेर फुंकणं
- पंख्याचा पट्टा, बॅटरीचं पाणी

आता एअर क्लीनर आणि इंजिनाच्या मधली नळी. इंजिन मंद ठेवून एअर क्लीनरचं तोंड सपाट फळीने झाका. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. पडलं नाही तर मधल्या रबरी नळीतून किंवा क्लिपातून हवा घुसतेय, आणि तिच्यासोबत धूळही. तिथे सायकलची ट्यूब गुंडाळून रोहिणी नक्षत्रापर्यंत काढू नका. नळी क्लिपांसकट आजच बदला.