बलोच संघटनांवर लिहिताय? या चुका टाळा

बावीस वर्षं परदेश पान लावलं. आता घरी बसलोय, तरी पोरं मजकूर पाठवतात, ‘सर, जरा नजर टाका ना.’ बलुचिस्तानवरचा मजकूर असला की नजर टाकायच्या आधीच मला माहीत असतं आत काय असणार. एकच संघटना, बीएलए, म्हणजे स्वतंत्र बलुचिस्तानसाठी पाकिस्तानशी लढणारी बलोच लिबरेशन आर्मी. एकच नेता, तोही बहुधा २००६ मध्येच मारले गेलेले नवाब अकबर बुगटी. आणि शेवटी ‘बलुचिस्तान लवकरच स्वतंत्र होणार’. हे शेवटचं वाक्य मी गेली कित्येक वर्षं कापतोय.

चुका ठरलेल्या आहेत, म्हणून उदाहरणही एकच घेतो. बलोच नॅशनलिस्ट आर्मी, म्हणजे बीएनए. जानेवारी २०२२ मध्ये उभी राहिली. डिसेंबर २०२३ संपेपर्यंत तिचा एक म्होरक्या कोठडीत होता आणि दुसरा सरकारी पत्रकार परिषदेत. दोन वर्षांच्या या छोट्या चरित्रात लिहिणाऱ्यांनी घसरायच्या सगळ्या जागा सापडतात.

अनोळखी नाव दिसलं की ‘टायपिंगची चूक’ समजणं

ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझी आहे.

११ जानेवारी २०२२ ला एक निवेदन निघालं. बलोच रिपब्लिकन आर्मी (बीआरए) आणि युनायटेड बलोच आर्मी (यूबीए) या दोन्ही संघटना विसर्जित होत आहेत, पुढे एकच नाव राहील, बीएनए. आमच्याकडे कुणीच ते वाचलं नाही. दोन अपरिचित संघटना मिळून तिसरी अपरिचित संघटना झाली, तर ती बातमी पानावर चढणार कुठे?

नऊच दिवसांनी, २० जानेवारीला, लाहोरच्या अनारकली बाजारात भरदुपारी स्फोट झाला. ३ ठार, वीसहून अधिक जखमी. संध्याकाळपर्यंत बीएनएच्या प्रवक्त्याने ट्विटरवरून जबाबदारी घेतली. डेस्कवर एक नवी मुलगी होती, लागून चार महिने झाले असतील. तिने कॉपीत व्यवस्थित ‘बीएनए’ लिहिलं होतं. डाक आवृत्ती सुटायला दहा मिनिटं होती. मी कॉपी उघडली, मनात म्हटलं ‘या मुलांना साधं एल आणि एन कळत नाही’, आणि चारही ठिकाणी बीएलए केलं. वर मथळ्यात ‘बलोच लिबरेशन आर्मी’ असं पूर्ण नावही घातलं. तिने मान वर करून पाहिलं, बोलली काहीच नाही. माझ्या खुर्चीचा धाक.

सकाळी साडेआठला फोन. मिरजेचे एक निवृत्त शिक्षक, आमचे जुने वाचक. ‘अहो, एल नाही, एन आहे. मी रात्री रेडिओवर ऐकलंय.’ शहर आवृत्तीत कुणीतरी दुरुस्त केलं होतं, पण मिरजेला डाक आवृत्तीच जाते. त्या मुलीची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर. मागायलाच हवी होती.

तेव्हापासून माझी सवय अशी. दोनशे पानी वही, एका संघटनेला एक पान, शिसपेन्सिलीने. वर नाव, खाली कुठून फुटली, कशात मिसळली, प्रवक्ता कोण, कुठल्या भागात हल्ले करते. अनोळखी नाव आलं की आधी वही उघडायची. वहीत नसेल तर नवं पान घालायचं, मजकुराला हात लावायचा नाही. एक्सेल वापरा असं मला चौघांनी सांगितलंय. वापरा की. मला पेन्सिल बरी पडते, कारण या विषयात खोडायला फार लागतं.

‘विलीन झाली’ म्हणजे अख्खी विलीन झाली असं धरणं

बीआरए बीएनएत विसर्जित झाली, म्हणजे बीआरए संपली? नाही. पाकिस्तानी लष्कराच्या निवेदनानुसार पंजगूर जिल्ह्यातल्या परोमचा गुलझार इमाम ऊर्फ शंबे हा २०१८ पर्यंत बीआरएत अकबर बुगटींचे नातू ब्रहुमदाग बुगटी यांच्या हाताखालचा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस होता. पुढे तो वेगळा झाला आणि बीआरएचे दोन गट पडले. २०२२ मध्ये विसर्जित झाला तो त्याचा गट. दुसऱ्या गटाने स्वतःला विसर्जित वगैरे काही मानलं नाही.

रिपब्लिकन म्हटलं की गट आलेच, हे मराठी वाचकाला वेगळं शिकवावं लागू नये. तरी प्रत्येक लेखात ‘बीआरए’ एवढंच असतं, पुढे गट नाही. कंसात ‘गुलझार इमाम गट’ लिहायला तीन शब्द लागतात. लिहा.

यूबीएचंही तेच. ती मुळात मर्री टोळीच्या वर्तुळातून, बीएलएतल्या मर्री भावंडांच्या फुटीतून निघालेली. मेहरान मर्री यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं आणि ते स्वतः नाकारतात. ही दोन्ही वाक्यं एकत्रच छापायची, एक गाळून दुसरं नाही. विलीनीकरणानंतरही यूबीए हे नाव निवेदनांत पुन्हा दिसू लागलं. विसर्जनाची घोषणा ही घोषणा असते. आपल्याकडे गणपती विसर्जन झालं की पुढच्या वर्षी परत येतो. हे लोक तेवढीही वाट पाहत नाहीत.

आणखी एक, इथेच सांगून टाकतो. बीआरपी, म्हणजे बलोच रिपब्लिकन पार्टी, हा ब्रहुमदाग यांचा राजकीय पक्ष, बीआरए ही सशस्त्र संघटना. एक अक्षर बदललं की माणसावर वेगळाच आरोप होतो.

प्रवक्त्याच्या नावाला खरा माणूस समजणं

जीयंद बलोच, आझाद बलोच, ग्वाहराम बलोच, सरबाझ बलोच, मुरीद बलोच. ही आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. ती संघटनेच्या प्रवक्त्याची खुर्ची आहे, बसणारा बदलतो. बीएलए फुटली तेव्हा तर दोन तुकड्यांना प्रवक्त्यांवरूनच नावं पडली, बीएलए-जीयंद आणि बीएलए-आझाद. एका मुलाने ‘जीयंद बलोच यांचा जन्म कुठे झाला’ असं मला विचारलं होतं. मी म्हटलं, टेलिग्रामवर.

मुरीद बलोच हे नाव मात्र जपून वापरा. २०१४ मध्ये यूबीएच्या वतीने ते नाव यायचं, २०२२ मध्ये बीएनएच्या वतीने. आणि डिसेंबर २०२३ मध्ये जो सरफराज बंगुलझई सरकारपुढे आला, त्याचंही टोपणनाव मुरीद बलोच असंच सांगितलं गेलं. यावरून सगळी निवेदनं एकट्यानेच दिली असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका.

हल्ला कुणाचा? आधी निवेदन, मग लष्कर, मग तुम्ही

माझी दुसरी आवडती चूक. हिच्यावर जरा वेळ घालवतो.

२ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री नुश्की आणि पंजगूर इथल्या फ्रंटियर कोअर या निमलष्करी दलाच्या तळांवर हल्ले झाले. जबाबदारी बीएलएच्या मजीद ब्रिगेडने, म्हणजे तिच्या आत्मघाती पथकाने घेतली, मोहिमेला ‘ऑपरेशन गंजल’ असं नाव दिलं. वहीत मी ते बीएलएच्या पानावर लिहिलं होतं.

मग आला ७ एप्रिल २०२३. पाकिस्तानी लष्कराने गुलझार इमाम पकडला गेल्याचं जाहीर केलं. निवेदनात बीएनएच्या नावावर ज्या कारवाया मांडल्या होत्या, त्यांत पंजगूर आणि नुश्की ही दोन नावं होती. एका पोर्टलवर काम करणाऱ्या मुलाने दहा मिनिटांत कॉपी केली आणि मला पाठवली, मथळा ‘पंजगूर-नुश्कीचा सूत्रधार अखेर जेरबंद’. तिसऱ्या परिच्छेदात जुन्या बातमीतून उचललेली ओळ, ‘या हल्ल्याची जबाबदारी बीएलएने घेतली होती’. म्हणजे मथळ्यात एक संघटना, पोटात दुसरी, आणि मधे पूल नाही. त्याला फोन केला. तो म्हणतो, ‘सर, दोन्ही बलोचच आहेत ना?’ मी फोन ठेवला. पाणी प्यायलो. पुन्हा लावला.

शक्यता अनेक असतात. या संघटनांची ‘ब्रास’ नावाची आघाडी नोव्हेंबर २०१८ पासून आहे, आणि लष्कराच्या म्हणण्यानुसार ती उभी करण्यात गुलझार इमामचाही हात होता. माणसं एकमेकांना मदत करत असतील. एखाद्या लष्करी निवेदनात आरोपीच्या नावावर थोडं जास्तच जमा केलं जात असेल. एखादी संघटना दुसऱ्याच्या कामाचं श्रेय ओढत असेल. हे आपण मुंबईत-पुण्यात बसून सोडवायचं नसतं. दोन ओळी लिहायच्या: ‘हल्ल्यानंतर बीएलएने जबाबदारी घेतली होती. लष्कराच्या निवेदनात आता हे हल्ले बीएनएच्या नावावर दाखवले आहेत.’ बस. मथळा थोडा मिळमिळीत होतो, होऊ दे. त्या पोर्टलला मिळमिळीत चालत नाही म्हणे.

तारखेचंही तेच. ७ एप्रिल ही अटक जाहीर झाल्याची तारीख आहे, अटकेची नव्हे. मी चार लेखांत ‘७ एप्रिल रोजी अटक झाली’ वाचलंय.

जबाबदारी घेतली म्हणजे केलंच असंही नसतं. एप्रिल २०१४ मध्ये सिबी स्थानकात रेल्वेत स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामाबादच्या भाजी-फळ बाजारात, तिथे वीसहून अधिक माणसं मेली. दोन्हींची जबाबदारी यूबीएने घेतली. इस्लामाबादच्या स्फोटाबाबतचा दावा मात्र पाकिस्तानच्या गृहखात्यानेच उडवून लावला होता.

शरण आलेल्याचं बोलणं कसं छापायचं

२३ मे २०२३ ला गुलझार इमामला क्वेट्ट्यात माध्यमांसमोर बसवलं. तो म्हणाला, सशस्त्र मार्ग चुकला, माफी मागतो. याच माणसाबद्दल लष्करानेच सांगितलं होतं की तो २००९ पर्यंत ठेकेदारी करायचा आणि एका वर्तमानपत्राचा बातमीदार होता. एखाद्या तालुक्याच्या गावात ठेका आणि बातमीदारी एकत्र सांभाळणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. एका लेखात तो कुणीतरी डोंगरातला सरदार म्हणून रंगवला होता, मी तो परिच्छेदच काढला. पंजगूर ज्यात येतं त्या मकरानच्या पट्ट्यात मर्री-बुगटींसारखी सरदारी नाही. बीएलएफचे, म्हणजे बलुचिस्तान लिबरेशन फ्रंटचे, म्होरके अल्लाह नझर डॉक्टर आहेत. ‘नवाबांचं बंड’ ही २००६ ची चौकट सोडा आता.

२० डिसेंबर २०२३ ला सरफराज बंगुलझई सुमारे ७० साथीदारांसह सरकारपुढे आला, काळजीवाहू माहितीमंत्र्यांच्या उपस्थितीत बोलला आणि भारतावर पैसा पुरवल्याचा आरोपही केला. आमच्याकडे दोन प्रकारच्या कॉप्या आल्या. एकीत आरोप गाळून टाकलेला, दुसरीत आरोपाचीच बातमी. दोन्ही परत पाठवल्या. आरोप छापायचा, पण ‘पत्रकार परिषदेत, सरकारच्या उपस्थितीत’ हे शब्द त्याच वाक्यात. कोठडीतला माणूस बोलला तर ‘कोठडीत असताना’. वाक्य लांब होतं, त्याला इलाज नाही.

आणि ‘बीएनए संपली’ असा मथळा देऊ नका. दोन म्होरके गेले, नावाचं वजन गेलं, माणसं कुठे गेली ते पुढच्या निवेदनांतून कळतं. माझ्या वहीत त्या पानावर अजून रेघ मारलेली नाही.

पानिपत

मराठी लेख असेल तर सातव्या परिच्छेदात पानिपत येणारच. १७६१ च्या युद्धानंतर अब्दालीबरोबर गेलेले कैदी, डेरा बुगटीचे ‘बुगटी मराठा’, म्हणून बलोच आपले भाऊ, म्हणून त्यांची चळवळ आपली. परंपरा आहे, तिथे स्वतःला तसं म्हणवणारे लोकही आहेत, आणि तो स्वतंत्र, सुंदर विषय आहे. पण गुलझार इमाम पंजगूरचा, इराणच्या सीमेलगतचा. डेरा बुगटी त्याच्यापासून शेकडो किलोमीटरवर. लेखाचा पानिपताशी काडीचा संबंध नाही. हे सांगितलं की लोक मला देशप्रेम शिकवतात.

त्याच लोकांना मी २९ मे २०१५ ची मस्तुंगची बातमी वाचायला देतो. कराचीला निघालेल्या बसमधून पश्तून प्रवासी उतरवून किमान २२ जणांना मारलं. जबाबदारी यूबीएने घेतली होती. भावांबद्दल लिहायचं तर हेही लिहायचं.

बाकीच्या, पटकन

जैश अल-अद्ल ही इराणविरोधी सुन्नी संघटना, स्वतंत्र बलुचिस्तानवाल्यांची नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये इराणने पंजगूरमध्ये तिच्या ठिकाणांवर मारा केला आणि पाकिस्तानने दोन दिवसांत इराणच्या हद्दीत बीएलए-बीएलएफवर. दोघांनी वेगवेगळ्या संघटनांवर मारा केला.

बेपत्ता माणसांसाठी चालणारे मोर्चे आणि बंदूकधारी संघटना एकाच वाक्यात कोंबू नका. मामा कदीर क्वेट्ट्याहून इस्लामाबादपर्यंत चालत गेले, बंदूक घेऊन नव्हे.

‘सरमचार’ हा शब्द वापरलात तर अर्थ द्या: बलोच बंडखोर लढवय्या.

आठ मिनिटांच्या व्हिडिओवरून लेख लिहू नका. व्हिडिओवाल्यानेही दुसऱ्या व्हिडिओवरूनच लिहिलेलं असतं.

बलोच माणूस, बलुची भाषा. आणि पंजगूरचं ‘पंजकोट’ कुणी केलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण दोन वर्षांत तीनदा पाहिलंय.