मिनी एक्झोराचं कुंपण पिवळं पडू नये म्हणून

कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावलेला मिनी एक्झोरा, म्हणजे कुंपणाला लावतात ते बुटकं फुलझाड, हमखास पिवळा पडतो. कोवळं पान फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या. नुसतं शेणखत ओतून हे जात नाही. सिमेंटमधला चुना मातीत उतरतो आणि या झाडाला आपली आंबट (आम्लधर्मी) जांभी मातीच मानवते.

१. भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून चर खणा. पाणी तुंबता कामा नये.
२. पावसाच्या सुरुवातीला दीड फुटावर एकेक रोप लावा.
३. दिवाळीनंतर बुंध्याभोवती नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी मांडा. पाणी कमी लागतं.
४. बहर ओसरला की शेंडे छाटा. सारखी कात्री लावलीत तर कळ्याच जातील.

चुलीतली राख मात्र इथे नको, तीही चुन्यासारखीच. माडाला घाला हवी तर.