बागा रेड वाइन कडू-तुरट लागतेय? या चुका टाळा

पोर्तुगालमध्ये कोइंब्रा आणि अवैरो या दोन शहरांच्या मधे, अटलांटिकपासून जवळच बायराडा नावाचा भाग आहे, तिथलं खास काळं द्राक्ष म्हणजे बागा (गोव्याच्या बागा बीचशी काही संबंध नाही). याची वाइन पहिल्यांदा पिणारे बरेच जण तोंड वाकडं करून ग्लास बाजूला ठेवतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा वाइन चांगलीच असते, आपणच ती चुकीच्या जेवणासोबत उघडलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही नुसती पिणं. बागाचे मणी छोटे, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त आणि टॅनिन (म्हणजे सालीतला तोंड तुरट करणारा घटक) भरपूर, वर आंबटपणाही चढा, म्हणजे जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी ओढते तसंच होतं. हिला चरबी आणि मीठ पाहिजेच. बायराडातल्या मियाल्याडा गावात लैतांव मिळतं, म्हणजे दूधपितं डुकराचं पिल्लू, त्याला लसूण, मिरी, मीठ आणि डुकराच्या चरबीचं वाटण भरून सळईवर लावून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कातडी इतकी कुरकुरीत की दाताखाली कडकड आवाज येतो, आणि सोबत संत्र्याच्या चकत्या नि बटाट्याचे चिप्स. त्याचा एक घास आणि वर बागाचा एक घोट घेऊन बघा, चरबीने तुरटपणा मऊ पडतो आणि आंबटपणा तोंडातला तेलकटपणा साफ करतो. तिथलीच शांफाना पण मस्त जमते, जून बकरीचं मटण रेड वाइनमध्येच मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवलेलं.

आता आपल्याकडची चूक. विंदालूचं मूळ पोर्तुगीज आहे म्हणून सोबत पोर्तुगीज रेड चालणारच असं लोक धरून चालतात. नाही हो! तिखटावर टॅनिन अजून कडू लागतं आणि तोंडाची आग वाढते ती वेगळीच. त्यापेक्षा कमी तिखटाचं, मिरी-लसूण लावून भाजलेलं पोर्क किंवा मटण घ्या. बांगडा, तारली असले तेलकट मासे पण नकोत, तोंडात लोखंडासारखी चव येते.

रूम टेंपरेचरला प्यायची हा सल्ला थंड देशातला आहे, पुण्या-मुंबईत रूम म्हणजे ३० डिग्री, मग नुसता अल्कोहोलचा भपका येतो. साधारण दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ डिग्री बास.

बाटली दोन-तीन वर्षांचीच असेल तर जगमध्ये ओतून दीड-दोन तास हवा लागू द्या. खूप जुनी असेल तर उलटं, आदल्या दिवशी उभी ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल, मग हळूच ओता आणि लगेच प्या, जास्त वेळ उघडी ठेवली तर वास उडून जातो.

आणि लेबलवर बायराडा दिसलं की आत बागाच असेल असं समजू नका, २००३ पासून तिथे काबर्ने, मेर्लो, सिराह ही दुसरी द्राक्षं पण चालतात, त्यामुळे बागा हे नाव शोधूनच घ्या.

उरली तर ओतून टाकू नका प्लीज, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तरुण बागा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते.