सूप, ग्राइंडर आणि अर्धा किलो कोको

नेरूळमध्ये कोकोची झाडं कुणाच्या अंगणात नाहीत, त्यामुळे घरी चॉकलेट करायचं तर कोकोच्या बिया केरळच्या इडुक्कीहून किंवा आंध्रच्या गोदावरी पट्ट्यातून मागवायच्या. विक्रेत्याला एवढंच विचारा: आंबवलेल्या आहेत ना? फळातून काढलेल्या बिया पांढऱ्या गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात, मग वाळवतात. चॉकलेटची चव तिथेच धरते. न आंबवलेली बी कितीही भाजा, तुरटच लागणार.

अर्धा किलो बिया तांदळासारख्या निवडा; चपट्या, बुरशीच्या काढून टाका. ओव्हनमध्ये 130 अंशांवर साधारण 25 मिनिटं भाजा. आधी व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, मग एखाददुसरी बी तडकते आणि ब्राउनीचा घमघमाट सुटतो. तो आला की लगेच बाहेर.

गार झाल्यावर लाटण्याने जाडसर फोडा आणि सुपात पाखडा. टरफलं घरभर उडतात, म्हणून हे काम बाल्कनीतच. हातात पावणेचारशे-चारशे ग्रॅम डाळ, म्हणजे सोललेल्या बियांचे तुकडे, उरते.

आता वाटण. मिक्सरचा नाद सोडा, जिभेला रवाळच लागतं. इडलीचं पीठ वाटणारा दगडी टेबलटॉप ग्राइंडर घ्या; जगभरचे कितीतरी छोटे चॉकलेटवाले असाच ग्राइंडर वापरतात. दगड आणि डाळ हेअर ड्रायरने कोमट करून मूठ-मूठ डाळ टाका. कोकोत निम्मं तूपच (म्हणजे त्याचीच चरबी, कोको बटर) असतं, त्यामुळे अर्ध्या तासात तिची दाट कढी होते. मग 160 ग्रॅम पिठीसाखर, घरी दळलेली. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं. एकूण वीस-चोवीस तास वाटायचं, पण मोटर दर दोन तासांनी थंड होऊ द्यायची.

पाण्याचा थेंबही नको. गेल्या जुलैत मी भांडं घाईत पुसलं आणि सगळा घाणा चिकणमातीसारखा आळला. आठवडाभर दुधात उकळून प्यायलो. गूळही याच कारणाने टाळा, त्यात ओल असते.

शेवटी टेम्परिंग, म्हणजे तूप नीट गोठवणं. एसी लावा, थर्मामीटर घ्या. चॉकलेट 45 अंशांपर्यंत वितळवा, ढवळत 28 पर्यंत उतरवा, पुन्हा 31 वर आणा आणि साच्यात ओता. नीट जमलं तर वडी चकाकते, मोडताना कट्ट वाजते. पांढरे पट्टे आले तर परत वितळवा, वाया काही जात नाही.

मे महिन्यात फ्रिजशिवाय इलाज नाही. वड्या हवाबंद डब्यात ठेवा; बाहेर काढल्यावर डबा अर्धा-पाऊण तास उघडू नका, नाहीतर ओल धरून साखर वर येते.