१२३४५६७८९८७६५४३२१ चे अवयव हाताने कसे पाडावेत

'चिमा काय कामाची' सारखीच ही संख्या, उलटी वाचली तरी तीच. स्प्रेडशीटच्या नादी लागू नका. तिथे १५ अंकांपुढचे आकडे शून्य होतात आणि तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता.

'उलटसुलट सारख्या संख्येला ११ ने भाग जातोच' हे खूळ आधी डोक्यातून काढा. अंकांची संख्या सम असेल तरच तो हमखास जातो. इथे अंक १७. एकाआड एक अंकांच्या बेरजा ४१ आणि ४०, फरक १. ११ चा विषय संपला.

वर्गमूळ १११११११११. वर्ग करताना मधल्या रकान्यातही नऊच एक्के येतात, हातचा कुठेच नाही, म्हणून शिडी नीट चढते-उतरते. दहा एक्के घेतलेत की हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असलं काहीतरी निघतं. (याच घराण्यातली १२३४५६५४३२१ नवव्या शतकातल्या महावीराचार्यांना ठाऊक होती.)

पुढे १११११११११ = १११ × १००१००१. पहिला ३ × ३७, दुसरा ३ × ३३३६६७.

खरी अडचण ३३३६६७ ची. मूळ आहे की नाही? सगळे सांगतात, वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा. त्या १०६ आहेत! मी एका रविवारी हे केलंय. १६३ पाशी बाकी शून्य आली, नाचलो, आणि संध्याकाळी कळलं की वजाबाकी चुकली होती, बाकी ६ होती. भागाकार २०४७ आला होता; ३ × ७ = २१, म्हणजे गुणाकाराच्या शेवटी १ येणार, आपल्याला हवा ७. एवढं बघितलं असतं तर दुपार वाचली असती. बाकी शून्य दिसली की आधी शेवटचा अंक ताडून बघाच.

शहाणा रस्ता असा. ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव ९९९९९९९९९ ला भागतो. म्हणून त्याने १ ला भागलं की दशांशातले अंक दर ९ घरांनी परत येतात. त्याआधीच, ३ घरांनी किंवा दर घराला, परत येत असतील तर तो ९९९ ला भागेल. मग १००० ची बाकी १, १००१००१ ची बाकी १+१+१, म्हणजे अवयव ३ च. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, ३ बाद. तेव्हा आवर्तन नेमकं ९ चं. फर्माच्या प्रमेयानुसार आवर्तनाची लांबी 'अवयव वजा १' ला भागते, आणि अवयव विषम आहे. म्हणून तो १८ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच हवा.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या १७ च: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकानेही भाग जात नाही. ३७ ला बाकी १ उरते आणि ५२३ ला फक्त ७ कमी पडतात, तिथे घाई करू नका.

उत्तर: ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजक ५ × ३ × ३ = ४५.