म्हातारं कुत्रं फॉस्टर करताना: स्वभाव नंतर, दुखणं आधी

फॉस्टर करणं म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं आपल्या घरी सांभाळणं. पहिल्यांदा फॉस्टर करणाऱ्या बहुतेकांना पिल्लू हवं असतं. म्हातारी कुत्री रेस्क्यूवाल्यांकडे नाहीतर दवाखान्याच्या केजमध्ये अडकून राहतात. त्यातलं एखादं घरी न्यायचं तुम्ही ठरवलं असेल, तर फार चांगलं करताय. फक्त ते चिडकं आहे, घाबरट आहे की आळशी, हे ठरवायची घाई करू नका. वर्षानुवर्षं कोणी लक्ष न दिलेल्या कुत्र्यात आपण ज्याला स्वभाव म्हणतो, ते पुष्कळदा नुसतं दुखणं असतं.

आमच्याकडे आलेली माई लॅब्रॅडॉर मादी. पिल्लांसाठी वापरून झाल्यावर पुण्याबाहेर रस्त्याकडेला सोडून दिलेली. तिचा इतिहास सांगायला कोणी नव्हतं, पण अंगावरून बरंच कळत होतं. सड लोंबलेले, म्हणजे बऱ्याच वेळा व्यालेली. कोपरांवर केस गेलेले जाड घट्टे, म्हणजे कायम सिमेंटवर झोपलेली. एक नख वाढून वळून पंजाच्या गादीत रुतलेलं. आणि सुळे मागच्या बाजूने घासून सपाट झालेले. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून ते दाखवले आणि म्हणाले, "ताई, हाडं चावून असं होत नाही. पिंजऱ्याचे गज चावून होतं."

असं कुत्रं आलं की त्याच दिवशी उजेडात फोटो काढून ठेवा. उपचारांनाही लागतात आणि तक्रारीलाही. २०१७ च्या श्वानप्रजननाच्या नियमांप्रमाणे मादीकडून वर्षात एकदाच पिल्लं घेता येतात आणि वयाच्या आठ वर्षांनंतर अजिबात नाही. जनावराला उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. हा आकडा वाचला की मला आजही संताप येतो. तरीही तक्रार कराच, निदान नोंद राहते.

दवाखान्यात पहिल्या भेटीतच रक्ताच्या पूर्ण तपासण्या मागा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, किडनी, शिवाय लघवी आणि टिक फिव्हर (गोचिडीतून होणारा ताप). आपल्याकडे रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी असतातच आणि त्यांच्यामार्फत एर्लिकिया, बबेसिया हे आजार येतात. प्लेटलेट घसरतात, हिरड्या फिक्या पडतात, कुत्रं नुसतं पडून राहतं. म्हातारं आहे, झोपणारच, असं म्हणून घरचे सोडून देतात. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण चार आठवडे द्यावं लागतं. आठवड्याभरात कुत्रं टुणटुणीत दिसायला लागतं आणि नेमक्या तेव्हाच लोक गोळ्या थांबवतात. कोर्स पूर्ण करा. गोळी उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यात सहज जाते, पण पोटात औषध गेल्यावर वर थोडं खाणंही जायला हवं.

मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर एक गोष्ट पाठच करा. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, शेपटीखाली पू दिसला किंवा पोट फुगलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधीकधी पू बाहेर येतही नाही, आणि तो प्रकार जास्त वाईट. तिला त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात न्यायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

खाण्याच्या बाबतीत माया आवरावी लागते. हाडाचा सापळा झालेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी ताटभर चिकन-भात घातलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम एकदम खाली येऊन जीवावर बेतू शकतं. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. पूर्ण आहारावर यायला आठवडा-दहा दिवस जाऊ द्या. आंघोळीचीही घाई नको. ओल्या कोमट फडक्याने पुसून घ्या, जखमा बघा, बस्स.

आता दुखण्याकडे वळते. माई कोणी जवळून गेलं की गुरगुरायची. हॉलमध्ये यायचीच नाही, दाराच्या पायपुसण्यावर उभी राहून बघायची. आम्ही सगळे म्हणत होतो, माणसांना घाबरते. सासूबाईंनी, ज्यांचे स्वतःचे गुडघे गेलेत, तिला उठताना दोन-तीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, घाबरत नाहीये ती. पुढच्या पायांवर सगळा भार घेऊन उठतेय बघ. कंबर दुखतेय तिची." एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचा संधिवात निघाला. हॉलची फरशी गुळगुळीत, मागचे पाय घसरायचे, म्हणून ती येत नव्हती. जवळून जाणाऱ्याचा धक्का लागेल म्हणून गुरगुरत होती. आम्ही जुन्या सतरंज्या आणि योगा मॅट टाकून तिच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत वाट करून दिली. नखं दर आठवड्याला थोडी थोडी कापली, म्हणजे आतली शीरही मागे सरकते. किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केलं. सडलेल्या दाढा भूल देऊन काढल्या. त्यानंतर घरात वावरणारी माई अगदी वेगळी होती: स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसणारी, कुकरची शिट्टी झाली की शेपटी आपटणारी.

घरातल्या डब्यातली आपली गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, काहीच नाही. आतडी, किडनी, लिव्हर यांना कायमची इजा होते, कुत्रं दगावू शकतं.

गुरगुरण्यावरून रागावूही नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी कुत्रं सूचना न देता चावेल. जेवताना त्याच्याजवळ जाऊ नये, झोपेत हात लावू नये, ऐकू कमी येत असेल तर समोरून यावं. घरात लहान मुलं असतील तर हे त्यांना आधी शिकवा आणि तरीही कुत्र्यासोबत एकटं सोडू नका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे. फॉस्टरिंग पुढेही करणार असाल तर रेबीजची प्रतिबंधक लस स्वतःला आधीच टोचून घ्या.

डोळ्यांवर निळसर झाक दिसली की मोतीबिंदू समजून लोक घाबरतात. वय झालेल्या कुत्र्यांच्या भिंगावर अशी झाक येतेच, आणि त्यातून त्यांना बऱ्यापैकी दिसतं. खात्री डॉक्टरांकडून करून घ्या.

रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवडे घराची लय कळायला, तीन महिने विश्वास बसायला. म्हाताऱ्या कुत्र्याला आणखी वेळ द्यावा लागेल असं धरून चला. जेवणाची, फिरण्याची, गोळ्यांची वेळ बदलू नका. पाहुण्यांना दाखवायला बोलावू नका. घरात आधीचं कुत्रं असेल तर पहिले दोन आठवडे दोघांच्या खोल्या वेगळ्या.

कुत्रं आणण्यापूर्वी संस्थेशी चार गोष्टी व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या. खर्च कोण देणार, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा, आणि कोणी दत्तक घेतलं नाही तर पुढे काय. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तोच सगळ्यात खरा आहे. सोसायटीने कुरकुर केली तर पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना त्यांच्यापुढे ठेवा. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी.

दत्तक घेणारे आले की वय, संधिवात, महिन्याचा औषधखर्च, सगळं पहिल्याच भेटीत सांगा. लपवून दिलेलं कुत्रं परत येतं, आणि दुसऱ्यांदा घर सुटणं त्याला फार जड जातं. दिवसभर कुलूप असणारं घर मी टाळते. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजलाही टाळते. निवृत्त जोडपी, घरून काम करणारे, ज्यांचं म्हातारं कुत्रं नुकतंच गेलंय अशी माणसं बहुधा चांगली ठरतात. सोबत फाइल द्या: रिपोर्ट, एक्स-रे, लसीकरणाचं कार्ड, गोळ्यांच्या वेळा, आणि एका कागदावर त्याला काय आवडतं, कुठे हात लावलेला चालत नाही. त्याची वापरातली सतरंजी न धुता द्या, ओळखीचा वास सोबत जातो. आणि पहिला महिना दत्तकवाल्यांचा फोन कधीही येऊ शकतो हे धरून चला. रात्री आला तरी उचला.